बंद नळीतली ऊब

हेल्वी कांगासचा दिवस बॉयलरपासून सुरू व्हायचा. घराच्या मागे, गोठ्याच्या आडोशाला तो उभा होता. पत्र्याची खोपटी, डोक्यावर धुराडं, पोटात भट्टी आणि भट्टीभोवती पाण्याची टाकी. तिथं तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून घरात जायचं, रेडिएटर गरम करायचं आणि निवत निवत परत यायचं. नवऱ्याच्या, रायनोच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून लाकडं टाकणं, राख काढणं हे सगळं हेल्वीकडे आलं होतं. रायनो वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचा आणि तिथून हुकूम सोडायचा.

जानेवारीच्या त्या आठवड्यात सुपीरियर सरोवरावरून वादळ येऊन गेलं आणि मागोमाग हाडं फोडणारी थंडी पडली. नेमका तेव्हाच बॉयलर जास्त तापायला लागला. काटा लाल रेघ ओलांडायचा, टाकीत पाणी गदगदायचं आणि वरच्या नळीतून वाफेचा फवारा उडायचा. असं चाललं असतं तर पाणी आटून टाकीचा पत्रा फाटला असता, आणि त्या थंडीत घर रात्रभरात बर्फाची पेटी झालं असतं.

“भट्टीच्या दाराच्या कडेची दोरी बघितलीस का?” रायनोनं विचारलं. “तिथूनच फाजील हवा शिरत असणार.”

“बघितली.”

“नुसती डोळ्यांनी?”

“कागद अडकवला, दार लावलं, ओढला. फाटला, पण निघाला नाही. आता तू कॉफी पी.”

“पंख्याची झडप?”

“काजळी खरवडली. आपोआप पडते, आपोआप उघडते. तुझ्यापेक्षा बरी चालते.”

रायनो हसला, पण नजर वाफेवरून हलवली नाही.

दुपारी डेल्बर्ट आला. आसपासच्या सगळ्या बॉयलरांचा वैद्य तो. स्वभाव असा की मशीन बिघडलं की मालकाला शिव्या द्यायच्या आणि मग फुकट दुरुस्त करायचं. त्यानं टाकीत पाणी भरलं, पंपाला कान लावला, नळ्यांतली हवा काढली, तापमान मोजणारी कांडी बदलली. काटा पुन्हा लाल रेघेपलीकडे गेला.

“वहिनी, लाकूड घालणं बंद करा,” तो शेवटी म्हणाला. “आग विझू दे. उद्या थंड भट्टीत डोकं घालून बघतो. आजची रात्र विजेच्या शेगडीवर काढा.”

सकाळी हेल्वीनं भट्टीचं दार उघडलं. आत करडी राख होती. तिनं हातमोजा काढून विटेवर हात ठेवला. वीट गार होती.

काटा लाल रेघेच्या पुढे होता.

ती तिथंच उभी राहिली. वरच्या नळीतून वाफ निघत होती, शांतपणे, चुलीवरच्या किटलीसारखी. धुराड्यातून मात्र धुराचा धागाही नव्हता.

डेल्बर्ट आला, त्यानंही वीट चाचपली. मग खोपटीच्या मागचं फळकूट काढून तो नळ्या तपासायला लागला. घराकडे जाणारी नळी गरम होती. घरून परत येणारी तिच्याहून कोमट, म्हणजे जशी असायला हवी तशीच. मग त्याचा हात नळ्यांच्या दुसऱ्या जोडीवर गेला आणि तो “आई गं” म्हणून मागे सरला. तळव्यावर लाल वळ उठला होता.

“ही कुठली?” त्यानं विचारलं, खरं तर त्याला माहीत होतं.

“आर्विडच्या घराची.”

आर्विड हा रायनोचा धाकटा भाऊ. शेतापलीकडे त्याचं घर. काही वर्षांपूर्वी बापाचं मेपलचं रान विकायचं की राखायचं यावरून दोघांचं वाजलं, आणि आर्विड रागानं मुलीकडे ॲरिझोनात निघून गेला. त्या दिवशी रायनोनं त्याच्या नळीचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले होते. त्यानंतर दोघांत ना फोन, ना नाताळचं कार्ड. भावाचं नाव घराच्या भिंतींनाही ऐकू जाऊ नये असं रायनो वागायचा.

डेल्बर्टनं व्हॉल्व्हच्या मुठी पाहिल्या. दोन्ही आडव्या, घट्ट बंद, वर गंजाचा थर. गंज कुठंही खरचटलेला नव्हता.

“बंद नळी गरम होऊच शकत नाही,” तो म्हणाला. “आणि गरम पाणी तिकडून इकडे? तिकडे कोण आहे तापवायला?”

हेल्वीनं शेताकडे पाहिलं. कालपर्यंत तिथं सगळीकडे सारखा पांढरा बर्फ होता. आज खोपटीपासून आर्विडच्या घरापर्यंत एक काळी पट्टी गेली होती. ओली माती होती ती. तिच्यातून वाफ निघत होती.

“खिडकीतून दिसतंय का रायनोला?” डेल्बर्टनं हळूच विचारलं.

“दिसतंय.”

रायनो खिडकीत उभा होता. वॉकर सोडून, काचेला हात टेकून.

ती दोघं पट्टीवरून चालत गेली. दोन्ही बाजूंना कमरेइतका बर्फ आणि पायांखाली मऊ चिखल. एका जागी गवताची हिरवी पातीही वर आली होती. डेल्बर्टनं ती ओलांडली, तिच्यावर पाय दिला नाही.

आर्विडच्या अंगणात बर्फाचा एक मोठा ढीग होता. ढिगातून गाडीचा आरसा बाहेर आला होता.

“वहिनी,” डेल्बर्ट म्हणाला, “हा आलाय.”

छपरावर बर्फ नव्हता. धुराडं गार होतं. विजेची तार कंपनीनं कधीच तोडून नेली होती. खिडक्यांच्या काचांवर आतून घाम आला होता.

दाराला कडी लावलेली नव्हती.

आत ऊब होती. नुसती ऊब नव्हे, कुणी राहतं आहे अशा घराची ऊब.

आर्विड स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता. पाय मांडीतून विचित्र वळलेला. अंगात नुसता सदरा. ओठ सुकले होते, पण गाल गुलाबी होते.

“वहिनी,” तो म्हणाला, “पाणी दे.”

तिनं बर्फ हातात वितळवून त्याच्या तोंडात सोडला. डेल्बर्ट फोन लावायला बाहेर धावला. आर्विड तुटक तुटक सांगत राहिला. वादळाच्या संध्याकाळी तो आला. भावाचं दार वाजवायचा धीर झाला नाही. सकाळी जाऊ असं ठरवून इथं शिरला आणि अंधारात ओल्या बुटांनी घसरला. फोन गाडीत राहिला.

“मेलो असतो,” तो म्हणाला. “दात वाजत होते, मग वाजायचेही थांबले. तेवढ्यात रेडिएटर गरम झाला. रांगत त्याच्याजवळ आलो.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “दादानं व्हॉल्व्ह उघडला ना?”

हेल्वीनं त्याचे केस मागे सारले. “गप्प पड. बोलू नकोस.”

ॲम्ब्युलन्सचा रस्ता रायनोच्या दारावरूनच जात होता, आणि रायनो त्या रस्त्यात उभा होता. सपाता घातलेल्या, वॉकर बर्फात रुतलेला. गाडी थांबवावीच लागली. मागचं दार उघडलं.

भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. दोघंही म्हातारे झाले होते, आणि दोघांनाही ते आत्ताच कळत होतं.

“दादा, तू व्हॉल्व्ह उघडलास,” आर्विड म्हणाला.

रायनोनं हेल्वीकडे पाहिलं. तिनं मान किंचित हलवली, नाही म्हणून.

“उघडला मग,” रायनो म्हणाला. “माझ्या डोळ्यांसमोर गारठून मरू देणार होतो की काय तुला, गाढवा?”

आर्विडची नजर वॉकरवर गेली, सपातांवर गेली, मग मागे, खोपटीपर्यंतच्या कमरेइतक्या बर्फावर गेली. त्यात पावलांची वाट होती, वॉकरची खूण मात्र कुठंच नव्हती.

“बरं झालं,” तो म्हणाला, आणि हात पुढे केला.

त्या संध्याकाळी काटा आपोआप खाली आला. हेल्वीनं आग पेटवली, आणि बॉयलर पूर्वीसारखा गुमान चालायला लागला.

आर्विड हॉस्पिटलमधून थेट रायनोच्या घरी आला. दिवाणखान्यात त्याचा पलंग टाकला. वेलदोड्याच्या पावावरून, पत्त्यांवरून, मेपलच्या रानावरून भाऊ पुन्हा भांडायला लागले, पण आता शेजारी बसून. रान विकायचं नाही असं ठरलं. वसंतात दोघांनी मिळून मेपलचा गोड रस काढायचा, एकानं वॉकरवर आणि दुसऱ्यानं कुबडीवर. हेल्वीला दोघांच्या आवाजात झोप चांगली लागायची.

मार्चमध्ये एकदा कॉफी पिता पिता आर्विड म्हणाला, “डेल्बर्ट, माझ्या घराला आता नवा पंप लागेल रे. जुना मी जाताना विकला. आणि सगळ्या नळ्यांतलं पाणी काढून टाकलं होतं. फुटू नयेत म्हणून. थेंबन् थेंब.”

रायनोनं कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेल्वी आणि डेल्बर्ट तिकडे गेली. घर आता थंड होतं, रिकाम्या घराला असतो तसा वास होता. पंपाच्या जागी नळीची दोन उघडी तोंडं होती, कोरडी, एकात कोळ्याचं जाळं. डेल्बर्ट स्वयंपाकघरातल्या रेडिएटरपाशी गुडघ्यावर बसला. हवा काढायचा बारीक स्क्रू त्यानं किल्लीनं सैल केला आणि खाली वाटी धरली.

पाणी आलं नाही.

त्यानं बोट पुढे नेलं. मग हेल्वीचा हात धरून तिचंही बोट तिथं नेलं.

कोमट हवा येत होती. थोडी आली, थांबली. मग तितक्याच हळू आत ओढली गेली. पुन्हा बाहेर आली. झोपलेल्या माणसाच्या नाकाशी बोट धरावं तशी.

डेल्बर्टनं किल्ली उचलली.

“पूर्ण आवळू नकोस,” हेल्वी म्हणाली.