उजवीकडची वीज, डावीकडे

पंखा पुन्हा बंद पडला आणि वसंताचा पारा चढला.

ऑक्टोबरातली कुंभकोणमची हवा. पाऊस दाराशी येऊन थांबलेला, टाइपरायटरवरचा कागदसुद्धा दमट होऊन मऊ पडलेला. ती टायपिंग शिकवायची त्या वर्गातल्या मुली पदरानं, वहीनं, मिळेल त्यानं वारा घेऊ लागल्या. वसंतानं खिडकीकडे पाहिलं. एक जाड काळी वायर तिथून बाहेर पडून खाली कावेरीच्या घाटावर गेली होती, इमारतीचे मालक गुरुमूर्ती यांच्या नव्या मोटरबोटीकडे. नवी फक्त त्यांना, एरवी बोट चांगलीच जुनी होती. वसंता तरातरा पायऱ्या उतरली.

"कोण आहे बोटीत?"

तळातून एक डोकं वर आलं. कपाळावर ग्रीस, ओठांत दोन स्क्रू.

"फ्यूज उडवलात तुम्ही! मुलींची परीक्षा आलीय जवळ."

त्यानं स्क्रू हातात घेतले. "मी नाही, हिनं उडवला," बोटीच्या कडेवर थाप मारत तो म्हणाला. "म्हातारी आहे, रागीट आहे... तुमच्यासारखी. म्हणजे — रागीट. म्हातारी नाही."

वसंताला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला.

हे सगळं बोलणं अर्थातच तमिळमध्ये. घराचा उंबरा ओलांडला की वसंताची भाषा आपोआप बदलायची. घरात मराठी, तीही तंजावरची, पुण्याच्या पाहुण्यांना पोथीतल्यासारखी वाटणारी. बाहेर कॉलेजात शिकलेलं स्वच्छ तमिळ. त्याचं तमिळ मात्र रांगडं, बंदरावरचं. नाव विचारलं तर म्हणाला, "त्यागराजन. नागपट्टणमचा. बोटीबरोबर आलोय, बोट सुधारली की जाणार."

ऐप्पसी या तमिळ महिन्यात कावेरीत तुलास्नानाला यात्रेकरू येतात, त्यांना नदीतून फिरवायचं असा गुरुमूर्तींचा बेत होता. पण बंदरावर ही बोट उजवी कड धक्क्याला लावून उभी राहायची, म्हणून काठावरची वीज घ्यायचं तोंड उजवीकडे, पुढे होतं. इथल्या घाटाला डावी कड लागायची. त्यामुळे वायर बाकांवरून आडवी जायची आणि येणारा-जाणारा तिला अडखळायचा. वीज तोडून तर चालणार नव्हतं, कारण तळात पाणी झिरपायचं आणि पंप रात्रभर चालावा लागायचा.

"नाहीतर सकाळी बोट नाही, नुसता झेंडा दिसेल," त्यागराजन म्हणाला.

तो ते तोंड डावीकडे, मागच्या बाजूला नेत होता. जुनं भोक लाकडाच्या ठोकळ्यानं बुजवलं, कुजलेल्या वायरी उपटल्या, नवे फ्यूज बसवले, बॅटरी भरायचं यंत्र बदललं. शेवटचं काम घाटावरचं : तिथं खांब रोवून नवा मीटर बसवायचा, म्हणजे वायर वसंताच्या खिडकीतून निघणार.

हे शेवटचं काम काही केल्या होईना. तो रोज वायर तपासायच्या निमित्तानं वर यायचा, खिडकीशी उगाच रेंगाळायचा. मुली एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. आणि वसंता संध्याकाळी वर्ग सुटला की छत्री असूनही पाऊस थांबायची वाट बघत बसायची, बोटीच्या ताडपत्रीखाली.

"खांबावर मीटर कधी बसणार?" तिनं एकदा विचारलं.

"सिमेंट वाळतंय."

"आठवडाभर?"

"पाऊस आहे ना..." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. सिमेंट केव्हाच वाळलं होतं. रोज त्या खांबाला टेकून उभी राहणाऱ्या वसंताला ते माहीत नव्हतं थोडंच!

ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. त्यानं कंदिलाएवढा नवा दिवा लावून दाखवला आणि पिवळा उजेड तिच्या हातावर पडला. तो त्या हाताकडे बघत राहिला.

"वसंता... एक विचारू? म्हणजे — माझ्या आईची एक अट आहे."

वसंता म्हणाली, "माझ्या अप्पांचीही एक आहे."

"कसली?"

"आधी तुम्ही सांगा."

"नको... तुम्ही."

कोणीच सांगितलं नाही. सांगणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर 'तू आमच्यातला नाहीस' म्हणणं, आणि दोघंही भारी भिडस्त. पाऊस थांबला. वसंता उठली.

अप्पांची, तिच्या वडिलांची, अट तिला तोंडपाठ होती. थोरल्या बहिणीनं, कृष्णवेणीनं, तमिळ घरात लग्न केलं होतं. जावई सोन्यासारखा. पण नातू मांडीवर बसला की अप्पा गोष्ट सुरू करायचे आणि मधेच गप्प व्हायचे. त्यांची गोष्ट तमिळमध्ये येतच नव्हती. तेव्हापासून ते एवढंच म्हणायचे, "नोकरी सान असो, घर सान असो. घरांत आपली भाषा बोलणारा असूं दे, बस."

आणि तसं स्थळ आलं. बंगलोरचा मुलगा, बँकेत. "हो कीं नको, तूंच सांग, बाळे," अप्पा म्हणाले. वसंतानं वेळ मागून घेतला. दोन दिवस ती खिडकीत उभी राहिली. त्यानं एकदा, नुसतं एकदा विचारलं असतं तर ती अप्पांशी भांडली असती, रडली असती, काहीही केलं असतं. तो आला, वायर तपासली, तिच्याकडे बघून काहीतरी बोलायला गेला... आणि खाली उतरला. वसंतानं घरी जाऊन होकार दिला.

लग्नाचा निश्चय झाला. विडे दिले-घेतले, तिची ओटी भरली, अप्पा जेवताना श्लोक म्हणू लागले. कृष्णवेणीच्या लग्नानंतर त्यांचा तो आवाज घरात कोणी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बोटीची पूजा होती. खिडकीतली वायर निघाली होती. वसंता साखरेचं ताट घेऊन घाटावर आली. त्यागराजन बोटीत होता आणि त्याच्याजवळ बाकावर नागपट्टणमहून आलेली त्याची आई. वसंताला बघून आई कुजबुजली,

"हीच काय रे ती, त्यागराजा?"

"हळू, आई. हीच."

"विचारलास काय?"

"काय विचारूं? तमिळ मुलगी ती. आपली भाषा बोलणारी सून पाहिजे म्हणून तूंच ना सांगितलीस?"

वसंताच्या हातातलं ताट कलंडलं. थोडी साखर पायरीवर सांडली. मराठी... आपली, घरातली मराठी! इतक्या संध्याकाळी ताडपत्रीखाली शेजारी बसून काढल्या, आणि एकदाही — एकदासुद्धा!

ती कशीबशी पुढे झाली. तोंडातून तमिळच आलं. "साखर घ्या. काल माझं लग्न ठरलं."

त्याचा चेहरा उतरला. आईनं तो चेहरा पाहिला आणि पदर डोळ्यांना लावला.

"तिला सांग, आज मी अट सोडायलाच आलें होतें म्हणून. भाषा काय मोठी? मीच शिकवलें असतें तिला."

त्यागराजन तमिळमध्ये म्हणाला, "आई म्हणते... सुखी राहा."

तसंच निघून जावं, त्याला कधी कळू देऊ नये, असं वसंतानं ठरवलं होतं. पण ती म्हातारी शिकवायला तयार होती! वसंता तिच्या पायांशी वाकली.

"शिकवायला नको, आई. मला येती भाषा. जन्मापासून येती."

आईनं तिचे खांदे धरून तिला उठवलं.

"काखेंत कळसा, गांवाला वळसा..." आई पुटपुटली आणि रडू लागली.

"तुम्ही... आमच्यांतलेच?" तो म्हणाला. मराठीत त्याचा आवाज निराळाच होता, मऊ, लहान मुलासारखा. "आणि तुमच्या अप्पांची अट?"

"हीच."

"मोडतां येणार नाहीं?"

वसंताला जेवताना श्लोक म्हणणारे अप्पा आठवले. चार माणसांसमोर दिलेला शब्द फिरवायचा तर त्यांनीच जाऊन फिरवायचा, मान खाली घालून. दुसऱ्या एखाद्या मुलीनं त्यांना ते करायला लावलंही असतं.

"नाहीं," ती म्हणाली. मग कसलीच भीड उरली नाही. "तुम्ही मला फार आवडलां होतां. फार."

त्यानं डोळे मिटले. "अजून बोला. काहींही बोला. ऐकूं दे मला."

काय बोलावं? तिनं तोंड उघडलं —

तेवढ्यात वरच्या पायरीवरून गुरुमूर्ती ओरडले. भटजी आले होते. इंजिन सुरू करा, साखर वर आणा!

"इदो वरेन!" दोघंही एकदम म्हणाले. आलोच, आलेच — तमिळमध्ये.

तो इंजिनाकडे वळला आणि ती ताट सावरत पायऱ्या चढू लागली.