अकरा गाठींचा दोरा

घरी येणाऱ्या लेकीचं विमान इथल्या घड्याळात सकाळी सहाला सुटलं, तसा आईने कपाटातून दोरा काढला. नऊ हजार किलोमीटर, अकरा तास. म्हणून अकरा गाठी. दर तासाला एक सोडायची, की संध्याकाळी पाचला लेक जमिनीवर. ही खोड नवऱ्याची. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस. पृथ्वीगोलावर दोरा ताणून दोन शहरांमधलं अंतर मोजायचा, आणि लेक विमानात असेपर्यंत जागचा हलायचा नाही. "दोरा एकटा सोडू नये," म्हणायचा. ती त्याची यथेच्छ टिंगल करायची. त्याला जाऊन वर्ष झालं होतं, आणि आता तीच टेबलापाशी ठाण मांडून बसली होती. त्याच्यासारख्या दुहेरी गाठी काही तिला जमत नव्हत्या. तिच्या आपल्या वेड्यावाकड्या.

बाराला सहावी गाठ सुटली. राहिल्या पाच. लेक उपाशी येणार, घरात काही शिजायला नको? ती कुकर लावायला उठली. पाच मिनिटं, फार तर दहा.

परत आली तर गाठ एकच होती.

तिने चष्मा पुसला, दोरा बोटांतून फिरवून पाहिला. एकच. खोलीत खडूचा वास येत होता. तेवढ्यात बेल वाजली.

"आई... मी आलेय."

आवाज लेकीचाच. घड्याळात सव्वाबारा. आई दाराशी गेली.

"इतक्या लवकर... कशी गं?"

"बाबा आले होते घ्यायला. म्हणाले, जवळच्या वाटेने नेतो... दार उघड ना. थंडी वाजतेय."

कडीकडे गेलेला हात थबकला. पोरीला जवळ घ्यायला जीव तुटत होता. पण मागे वळून पाहते तो टेबलावरची शेवटची गाठ आपली आपणच सैल होत होती. तिने धाव घेतली आणि गाठ दोन्ही हातांनी आवळून धरली.

"अहो, पोर अजून वर आहे माझी," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "तिला तिच्या वेळेनेच येऊ द्या..."

दार बराच वेळ वाजत राहिलं. मग थांबलं. कुकर करपला, तरी ती उठली नाही.

पाच वाजून गेल्यावर फोन आला. "आई, उतरले गं. दुपारी विमान असं काही आदळलं, वाटलं संपलं सगळं..."

आईने मूठ उघडली, शेवटची गाठ सोडली आणि ती हमसून हमसून रडली.

रात्री लेक समोर बसून जेवत होती. आई तिच्या पाठीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती.

"पंधरा दिवस आहे मी अजून," लेक हसून म्हणाली. "मग परत अकरा तास."

तेव्हा आईला दोरा आठवला. आनंदाच्या भरात तो तसाच टेबलावर राहिला होता, सरळ, मोकळा. ती उचलायला गेली. दोऱ्यावर नव्या गाठी होत्या. दुहेरी, घट्ट, खडूने पांढुरक्या झालेल्या.

तिने मोजल्या. दिव्याखाली धरून पुन्हा मोजल्या.

सहाच होत्या.