'बसा' म्हणणारी

दार नीट लोट रे ओवेन, वारा थेट माळावरून आत येतोय. आणि जेम्मा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. तुमच्या दोन्ही शाळांत सुतारकाम मीच शिकवलं आणि आता तुम्ही तिथेच नवे मास्तर झालात, म्हणून सांगतो. पब बंद व्हायला, शेवटच्या ऑर्डरची घंटा व्हायला वेळ आहे अजून.

माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा. आपले हेबलथ्वेट.

"जुने हेडमास्तर? ते हार्ट अटॅकने गेले ना, सर?"

गेले. कसे गेले ते ऐक.

टेकडीवर मुलांची शाळा होती, चारशे वर्षांपूर्वी कुणा लोकरीच्या व्यापाऱ्याने काढलेली. खाली कालव्याकाठी मुलींची, गिरणीतल्या बायकांनी पदरमोड करून उभी केलेली. वरच्या साहेबांच्या मनात आलं आणि दोन्ही एक झाल्या. हेड एकच राहणार, ते हेबलथ्वेट राहिले. मुलींच्या हेड मिस ऑर्मरॉड. अर्ध्या गावाला शहाणं केलं त्या बाईने! त्यांना उपमुख्याध्यापिका केलं आणि काम काय दिलं, तर हरवलेले मफलर आणि डबे सांभाळायचं.

पहिला सोमवार, पहिली एकत्र असेंब्ली. रीत तुम्हाला ठाऊक आहेच. हेड स्टेजवर आले की हॉल उभा राहतो आणि ते 'बसा' म्हणेपर्यंत कुणी बूड टेकत नाही. हेबलथ्वेट 'बसा' म्हणाले. सगळे बसले. मिस ऑर्मरॉड उभ्याच. स्टेजवर त्यांना खुर्चीच ठेवली नव्हती!

मला वाटलं, विसरले असतील. मी वर्कशॉपमध्ये ओकची एक खुर्ची केली आणि स्वतः वर नेऊन ठेवली. हेबलथ्वेटनी ती परत पाठवली. म्हणाले, "दोन खुर्च्या दिसल्या की पोरांना वाटतं, शाळेला दोन हेड आहेत." कंबर धरलेली, एका पायाने लंगडणारी बाई दर सोमवारी उभी, आणि पोरं खिदळायची. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

शेवटच्या सोमवारी त्या एवढंच म्हणाल्या, "मिस्टर हेबलथ्वेट, कुणीतरी 'बसा' म्हणावं म्हणून तुम्हीही एकदा वाट बघाल." ईस्टरच्या सुट्टीत त्या वारल्या.

आता ती रात्र. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा गुरुवार, बक्षीस समारंभाचा आदला दिवस. हेबलथ्वेट घरी भाषण वाचायला बसले आणि लक्षात आलं, चष्मा स्टेजवरच राहिलाय. साडेनऊच्या सुमाराला गाडी काढली. कडाक्याची थंडी, आभाळ स्वच्छ. केअरटेकर घरी गेलेला, पण किल्ली यांच्याकडे होतीच. हॉलमध्ये दुसऱ्या दिवसासाठी खुर्च्या मांडून ठेवलेल्या. सगळ्या रिकाम्या. ते स्टेजवर चढले, चष्मा उचलला आणि...

खर्रर्र.

एक खुर्ची मागे सरकली. मग दुसरी. मग सगळ्या. अख्खी शाळा उभी राहताना होतो ना, तोच आवाज. समोर कुणी नाही.

सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "बसा."

कुणी बसलं नाही...

"मग?"

मग त्यांना कळलं. हॉल त्यांच्यासाठी उभा राहिला नव्हता. मागून बुटांच्या टाचा वाजल्या. स्टेजवरच. हळू. एका पायावर भार देत.

"सर, पुरे ना..."

लाकूड करकरलं. मागे कुणीतरी बसलं. बाईचा आवाज आला, थकलेला. "बसा." खुर्च्या पुढे सरकल्या. सगळे बसले.

ते सोडून.

गुडघे वाकेनात. मान वळेना. पाय उचलेना...

सकाळी मी आणि केअरटेकर आत गेलो. हेबलथ्वेट उभे. हातात चष्मा. मागे माझी ओकची खुर्ची. ती माझ्या कोठीत कुलपात होती आणि किल्ली माझ्या खिशात. हे सगळं त्यांनी तिथेच मला सांगितलं, उभ्या उभ्या. लहान मुलासारखे रडत होते. "सगळ्यांना म्हणाली... मला नाही म्हणाली. तिला सांगा ना..." आम्ही दोघांनी धरून बसवायला बघितलं. जागचे हलले नाहीत. अँब्युलन्स यायच्या आत गेले. उभ्यानेच.

मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू?

"गोष्ट रंगवून सांगता तुम्ही, सर," जेम्मा म्हणते. पण ग्लास मघापासून तसाच आहे हिचा.

बरं, मी रंगवतो. सोमवारी असेंब्ली आहे ना? मुलं बसली की स्टेजच्या मधोमध बघ. या उन्हाळ्यात तिथलं लाकूड मी स्वतः तासून पॉलिश केलंय. तरी त्यावर पुरुषाच्या बुटांचे दोन ठसे आहेत, चवडे हॉलकडे. पुसून जात नाहीत.

आणि दर सोमवारी टाचांखालचं पॉलिश आणखी थोडं झिजलेलं असतं.