कड्याकडचा खुंट

आधीच सांगते, ही कुणाकडून ऐकलेली हकीकत नाही. मी तिथे होते. माझ्या हातात खळीचा कुंचा होता. आम्ही चौघी होतो. त्यातल्या दोघी आता नाहीत आणि चौथीला काही आठवत नाही.

असलं काही रात्रीच घडतं, असं लोकांना वाटतं.

हे भर सकाळी घडलं.

१९५४ सालचा पौष. पोलीस ॲक्शन होऊन पाच वर्षं झाली होती, पण आमच्या डोंगरावर त्यातलं फारसं काही चढून आलं नव्हतं.

जिंतूरच्या वरच्या अंगाला, अगदी माथ्यावर आमचं गाव. पन्नास-साठ घरं. पिकायचं थोडं, सगळा जीव मेंढरांवर. लोकर कातरायची, सूत काढायचं, घोंगड्या विणायच्या. त्या डोक्यावर घेऊन घाट उतरायचा आणि खालून ज्वारी, मीठ, तेल घेऊन परत चढायचं. पौषात बाप्ये मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेले असायचे. वर राहायच्या बाया, म्हातारी माणसं आणि लेकरं. आजही घोंगडीचा वास आला की ते गाव जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं.

विणण्याआधी लोकरीचे उभे धागे दोन खुंटांमध्ये ताणून बांधायचे. तो ताणा. त्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि वाळेपर्यंत कुंच्यानं विंचरत राहायचं. हात थांबला की धागे चिकटले. वर्षाची लोकर मातीत.

आमचा ताणा तीस हात लांब. एका टोकाला माय, कासाबाई. दुसऱ्या टोकाला काकी, केवळाबाई. वाऱ्यात हाक पोचायची नाही, म्हणून ताण्यालाच हिसका द्यायचा. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे सगळं ठीक आहे, ये पुढं.

दूरचा खुंट कड्याच्या बाजूला. त्याच्यापुढे दहा हातांवर डोंगर तुटलेला. ऊन आधी तिथे यायचं, म्हणून माझी अडीच वर्षांची बहीण मनकर्णा, आमची मना, तिथेच बसायची. लोकरीच्या दोराचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं खुंटाला. दोर चार हातांचा. डोंगरावरची सगळी लेकरं अशीच बांधलेली असायची.

त्या दिवशी काकी जिंतूरला होती. आदल्या दिवशी बाजाराला गेलेली, माहेरी मुक्काम करून सकाळी येणार होती. ऊन चांगलं पडलं होतं. मायनं तिची वाट न बघता खळ लावली.

आणि खालून धुई चढली, दाट पांढरं धुकं...

आधी कडा दिसेनासा झाला. मग खुंट. मग मना.

तिच्या पायातले वाळे तेवढे वाजत होते. छुन... छुन...

मग तेही थांबले.

“माय, मना गं?”

“डोळा लागला असंल. हात थांबवू नगंस, धुरपे.”

तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

खस्स... खस्स...

कुंचा ओढल्याचा.

मायचा चेहरा सैल झाला. “आली बग तुजी काकी.” मग ती धुईतच ओरडली, “काय गं केवळा, माहेरचे धपाटे खाऊन जीभ चिकटली का? बोल की!”

पलीकडे कुंचा तसाच चालत राहिला.

“लेकरू हाय ना गं तितं?”

ताण्याला हिसका बसला... एक. आणि दुसरा.

“मी बगून येऊ का?” मी विचारलं.

“काकी हाय की तितं. तू खळ आन.”

पण मला एक गोष्ट खटकत होती. काकी टोकाकडून विंचरत मधे यायची. आवाज जवळ यायला हवा होता.

तो लांब चालला होता...

कड्याकडे.

“आक्का, लय धुई हाय बगा. सगळं मीठ भिजलं.”

आवाज आमच्या पाठीमागून आला.

डोक्यावर टोपलं घेऊन काकी उभी होती. गावाच्या बाजूनं आलेली, धापा टाकत. “कुणाला बोलायलाव?”

माय तिच्याकडे बघत राहिली. तिचा तळवा ताण्यावरच होता. माझाही.

तळव्याखाली हिसका बसला.

एक...

दोन.

माय कुंचा टाकून धावली. तिच्या मागे आम्ही दोघी.

खुंटाला ताणा होता, मनाचा दोर नव्हता.

मना खुंटापुढे बसलेली होती. कड्यापासून हातभर. रडत नव्हती. ओल्या मातीत तिच्या टाचांच्या दोन रेघा उमटल्या होत्या. कमरेला दोर तसाच होता. त्याचं दुसरं टोक कड्यावरून खाली धुईत गेलेलं...

आणि दोर ताठ होता.

मायनं मनाला मिठी मारली. दोर सैल होईना. माय बसल्या जागी पुढं सरकायला लागली.

काकीनं टोपलं आपटलं. त्यात धार लावून आणलेला विळा होता. तिनं दोर कापला.

तो पडल्याचा आवाज आला नाही. सावकाश, वेटोळं करत कुणी गोळा करावा, तसा तो कड्याखाली गेला.

घरी आल्यावर मायनं मनाला विचारलं, “कोन हुतं गं तितं?”

मनानं काकीकडे बोट केलं.

काकी पुढे त्या खुंटाकडे कधीच गेली नाही. तिचा कुंचा त्या सकाळी घरातच खुंटीला टांगलेला होता. कोरडा.

दुपारी ऊन पडलं. ताण्याचं मायकडचं टोक चिकटून वाया गेलं होतं. कड्याकडचं मात्र विंचरलेलं होतं. धागान् धागा सुटा. इतका साफ हात आमच्या गावात कुणाचाच नव्हता.

शेजारचा म्हातारा आश्रुबा येऊन बघून गेला. “त्या खुंटाला पुन्यांदा काई बांदू नगा,” एवढंच म्हणाला. का, ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही.

त्या अर्ध्या ताण्याच्या दोन घोंगड्या झाल्या. मायनं त्या बाजारात विकल्या. घरात ज्वारी नव्हती. कुणी नेल्या, कुणी पांघरल्या, देव जाणे.

मनाला यातलं आम्ही कधीच काही सांगितलं नाही. तिनं घोंगडी विणली नाही, ताणा धरला नाही. आता ती सत्तरीपुढची आहे. जिंतुरात नातवंडांत असते. मी परभणीला.

परवा सकाळी तिचा फोन आला. बाहेर धुई होती.

“आक्का, एक इचारू? कमरंला कुनी दोनदा हिसका दिला, तर आपल्यात त्याचा काई अर्थ असायचा का गं?”



“असायचा,” मी म्हणाले. “थांब, असा. जागची हलू नगंस, असा.”

“असं व्हय,” ती म्हणाली. “मला तर वाटलं, ये म्हनायलंय.”

तेव्हापासून मी तिला रोज सकाळी फोन करते.

पौष अजून संपलेला नाही.