एक भोक कमी

"बघ, मी राक्षस," म्हणत टिल्लीच्या मावसभावानं, भोपळ्यानं, भंगारातला काजळलेला पत्रा तोंडापुढे धरला. त्यातल्या भोकांतून त्याचे गोबरे गाल दिसत होते.

टिल्लीला हसू आलं नाही. ते आजोबांच्या जुन्या मोटारीचं काढून टाकलेलं गॅस्केट होतं. इंजिनाचा ठोकळा आणि वरचं झाकण यांच्यामध्ये बसणारा पत्रा. परवा नवं गॅस्केट आलं, तेव्हा तिनं त्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घेतला होता. सुट्टीत ती दिसेल त्याचे ठसे घेत सुटायची.

तिनं तो कागद आणून पत्र्यावर ठेवला. मागच्या टोकाचं एक भोक सोडून सगळी जुळली.

"नव्याला हे भोकच नाही."

"मग जुनं उंदरानं कुरतडलं असेल," भोपळ्या म्हणाला.

"पत्रा?"

भोकाच्या कडेला गंजाचं कडं होतं. म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी इथूनच जायचं, आणि नव्या पत्र्यानं ती वाटच बुजली होती. मामा आत्ता हीच गाडी घेऊन आजोबांना दवाखान्यातून आणायला निघणार होता. इंजिन तापून तडकलं तर तसं दुसरं कुठून आणणार? आणि ते आजोबांच्या देखत तडकलं तर?

ती मामाकडे धावली. "मामा, नव्या पत्र्याला एक भोक कमी आहे!"

"अगं, गाडीच्या पाटीवरचं साल बघूनच मागवलंय," मामा म्हणाला. "जा, तोंडं धुवा. माकडं झालीत नुसती."

"साल जुळलं की सगळं जुळलं," नवं गॅस्केट बसवलेल्या मेस्त्रीनं री ओढली.

मामा कपडे बदलायला गेला. गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल बाकावरच होतं. टिल्लीनं ते भोपळ्याकडे दिलं. "लपव. कुठंही."

"मामा सोलून काढेल."

"आधी मला. पळ."

हँडलच्या शोधात मामानं घर डोक्यावर घेतलं. तेवढ्यात टिल्लीनं रॉकेलच्या बोळ्यानं ठोकळ्याची कड पुसली, कागद दाबला, पेन्सिल घासली. ओतीव आकडे उमटले. साल पाटीवरच्या सालाच्या आधीचं होतं.

मामा ओरडतच आला. तिनं कागद पुढे केला. त्यानं तो पाहिला, ठोकळा पाहिला आणि मेस्त्रीकडे वळला.

"मेस्त्री, झाकण उघडा," तो हळूच म्हणाला.

आजोबा टॅक्सीनं घरी आले. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते इंजिन आधीच्या सालच्या गाडीतलं. तुझ्या जन्माआधी बसवलेलं," ते मामाला म्हणाले. "त्या सालात पाण्याची वाट वेगळी होती."

"मग सांगायचं नाही का, बाबा?"

"तू विचारलंस? पाटी वाचलीस आणि मोकळा झालास. ठोकळ्याला विचारलं ते या पोरीनं." त्यांनी टिल्लीला जवळ ओढलं. "माझी गाडी वाचवलीस गं. बरं, हँडल कुठाय?"

भोपळ्या रडवेला झाला. "तुमच्या गादीखाली."

"तरीच," आजोबा कूस बदलत म्हणाले. "मघापासून पाठीत काय टोचतंय, तेच कळेना."