डावे हातमोजे

पत्रा उडाला तेव्हा ती शिलाईयंत्रावर बसली होती. आधी कुंपणाचा खिळा निघाल्याचा आवाज आला, मग नुसता वाऱ्याचा. ती धावत बाहेर आली, तर तिचा पत्रा रस्त्यावर कोलांट्या घेत निघालेला, आणि समोरून शनिवारच्या बाजाराला निघालेला, रोपांनी भरलेला एक टेम्पो येत होता.

टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला. खाली उतरला, पत्र्यावर पाय दिला, मग तो डोक्यावर घेऊन टेकडीचा चढ चढू लागला. दोन्ही हातांत जाड हातमोजे. वारा पत्र्याला ओढत होता, पत्रा त्याला.

"हा तुमचा का?" फाटकाशी येऊन त्याने विचारलं.

"पत्रा माझा. वारा कुणाचा ते माहीत नाही."

तो हसला. हसताना त्याचं अंगणाकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं. अंगणात दहा-बारा रोपं होती, सगळी आडवी. दोन खड्डे ताजे उकरलेले. एका खड्ड्यात भोपळ्या नावाचा जाडा पिवळा कुत्रा बसला होता. त्याची किडकिडीत बहीण शिट्टी कुंपणाला लागून धावत होती, तिथून इथे, इथून तिथे.

"ही बाग आहे?" त्याने हळूच विचारलं.

"होणार आहे. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत."

का, ते तिने सांगून टाकलं. अनोळखी माणसाला एवढं सांगायचं कारण नव्हतं, पण ओठांवर आलंच. घर आत्याचं. आत्याने बत्तीस वर्षं इस्पितळात वॉर्ड सांभाळला होता, आणि आता तिच्या पांढऱ्या चादरीवर रोज चिखलाची पावलं उमटत होती. दहा तारखेला गवंडी येणार होता. सगळ्या अंगणात फरशी, आणि कुत्री लांबच्या काकाकडे. तोवर इथे काही हिरवं उभं राहिलं आणि चिखल घरात आला नाही, तरच आत्या गवंड्याला परत पाठवणार होती.

रोपवाल्याने सगळं नीट ऐकलं. मग डावा हातमोजा काढून पायरीवर ठेवला, जमिनीत बोट खुपसलं आणि म्हणाला, "पत्रा लावलात ते चुकलं. वाऱ्याला अडवलं की तो वरून उडी मारतो आणि मागच्या झाडांवर आपटतो. त्याला पिठासारखा चाळून घ्यायचा."

"वारा चाळायचा?"

"बांबूच्या कामट्या लावा. मध्ये बोटभर फट. पुढच्या शनिवारी बाजाराला जाताना टाकून जातो."

तो गेला. पायरीवर ठेवलेला हातमोजा तोवर भोपळ्याने पळवला होता.

संध्याकाळी तो तिला शिलाईयंत्राखाली सापडला. अंगठा चावून फाटलेला. तिने धुतला, अंगठा बारीक टाक्यांनी शिवला, यंत्राच्या खणात ठेवला. शनिवारी देऊन टाकायचा, बस.

शनिवारी तो कामट्या घेऊन आला. हातमोज्यांची जोडी नवीन होती.

"माझा एक हातमोजा राहिला होता इथे..."

खण चार पावलांवर होता. तिने तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"नाही हो सापडला. बघते... पुढच्या शनिवारपर्यंत मिळेल."

स्वतःचंच बोलणं ऐकून तिचे कान तापले. तो मात्र "काही घाई नाही" म्हणाला आणि कामट्या ठोकायला लागला. तिने कापडाच्या काठांच्या पट्ट्या फाडून दिल्या. तासाभरात कुंपण उभं राहिलं. वारा फटींतून आत आला खरा, पण मवाळ होऊन. तिच्या कपाळावरची बट नुसती हलली. त्याने ती हलताना पाहिली, आणि मग उगाचच हातोडी शोधू लागला. हातोडी त्याच्या हातातच होती.

तिसऱ्या शनिवारी त्याने टेम्पोतून रोपं लगेच उतरवलीच नाहीत. पायरीवर बसून तासभर कुत्र्यांकडे बघत राहिला.

"काम काय चाललंय म्हणायचं हे?" तिने चहा देताना विचारलं.

"बघा तुम्हीच. शिट्टी रोज एकाच वाटेने धावते. कुंपणाच्या कडेने, नळाला वळसा, मग फाटक. भोपळ्या तिच्या मागे. तुम्ही नेमकं तिथेच रोप लावता आणि त्यांच्यावर रागावता."

"म्हणजे चूक माझी?"

"तुमची चूक कोण काढणार... वाट त्यांची आधीपासूनची आहे, एवढंच."

कुत्र्यांच्या वाटेवर त्याने पांढरी फक्की मारली आणि दोघांनी मिळून तिथे बारीक खडी अंथरली. चिखल तिथेच संपला. उरलेल्या जागेत वाऱ्याच्या बाजूला मेहंदीच्या काड्या आणि गवती चहा. आत, आडोशाला, जास्वंद. कण्हेर हवी म्हणून तिने हट्ट धरला, तर तो म्हणाला, "वाऱ्यात टिकते, पण विषारी. भोपळ्या सगळं चावून बघतो."

"तुमचे हातमोजे चावून त्याला काही झालं नाही."

"ते गोड असतील," तो म्हणाला, आणि स्वतःच लाल झाला.

जास्वंदीला आधाराची काठी लावताना तिने गाठ करकचून मारली. त्याने ती सोडली.

"शिवणाची गाठ झाडाला नको. सैल बांधा, हलू द्या. हललं की खोड जाड होतं."

गाठ बांधताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. दोघंही गाठीकडेच बघत राहिले. ती गाठ काही लवकर होईना.

चौथा शनिवारही तसाच उडून गेला. हातमोजा दर वेळी डावा, दर वेळी नवा, दर वेळी भोपळ्या न्यायचा. आणि ती दर वेळी म्हणायची, "नाही हो सापडला."

पण मधल्या दिवसांत तिला धडकी भरायची. आत्या एकदा म्हणाली, "आठला शेवटचं बघेन मी. तोवर फांदी मोडली तर मला काही सांगू नकोस." फरशी झाली तर कुत्री जातील. आणि फरशीवर रोपवाल्याचं काय काम?

आठ तारीख नेमकी शनिवारी आली, आणि वारा नेमका त्याच दिवशी पिसाळला. टेकडीवरची झाडं जमिनीकडे वाकत होती. टेम्पो फाटकाशी थांबला तेव्हा ती दोन्ही हातांनी कुंपण धरून उभी होती. तो धावत आला, डावा हातमोजा दातांनी ओढून फेकला आणि तिच्या शेजारी उभा राहून सुटलेली कामटी बांधू लागला.

"पट्टी संपली," तो ओरडला. "कापड द्या, कात्री द्या."

"मी आणते," दारात उभी असलेली आत्या म्हणाली आणि आत गेली.

कात्री यंत्राच्या खणात होती, हातमोज्यांच्या शेजारी. तिच्या लक्षात आलं, पण आता कुंपण सोडता येईना.

आत्या बाहेर आली ती एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात चार डावे हातमोजे घेऊन. धुतलेले, टाके घातलेले, घडी केलेले.

"हा काय प्रकार आहे?" आत्याने विचारलं. तेवढ्यात भोपळ्याने पाचवा आणून तिच्या पायाशी ठेवला.

कुंपणाशी ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. त्याने कामटी पक्की केली, कात्री घेतली, पट्टी कापली, गाठ सैल बांधली. मग टेम्पोकडे गेला आणि सीटखालून पिशवी काढून आणली. पिशवीत चार उजवे हातमोजे.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तिसऱ्या शनिवारी एक मागच्या दोरीवर वाळत होता. अंगठा शिवलेला."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर... तू दिला असतास."

वारा तसाच होता, पण तिला तो ऐकू येईना.

आत्या खडीच्या वाटेवरून सगळीकडे फिरली. मेहंदी उभी. गवती चहा लोळून पुन्हा उठत होता. जास्वंद डोलत होती, मोडली नव्हती. शिट्टी मागून धावत आली, तर आत्याने वाकून तिचा पाय उचलून पाहिला. कोरडा.

"गवंड्याला सांग, फरशी नको," ती म्हणाली. "पायरी रुंद करून दे म्हणावं. शनिवारी दोघं बसतात, मला माझ्या तुळशीच्या कुंड्या ठेवायला जागा राहत नाही."

"म्हणजे कुत्री?"

"राहू देत. हातमोजे शोधायला लागतीलच."

पुढच्या शनिवारपर्यंत तो थांबला नाही. मंगळवारीच आला, बाजार नसताना, रोप नसताना. हातमोजेही नव्हते. भोपळ्याने त्याचे दोन्ही हात हुंगून पाहिले, काही मिळेना, तेव्हा त्याची डावी चप्पल घेऊन पसार झाला.

"आता परत कसा जाऊ?" त्याने विचारलं.

तिने त्याचा रिकामा हात धरला.

"बघते," ती म्हणाली. "पण सापडेलसं वाटत नाही."