तिसरी तापपट्टी

दोघांना घेऊन दोराच्या आधारानं खाली सोडलेली सागरकुपी समुद्राच्या तळाशी टेकली, तेव्हा डॉ. त्र्यंबक ओगले खिडकीबाहेर नव्हे, छताला लावलेल्या एका डबीकडे कौतुकानं बघत होते. डबी त्यांनीच घडवली होती. नाव ‘लवाद’. कुपीत एकाला ऊब हवी असते, दुसऱ्याला गारवा. तो तंटा लवाद सोडवायचा.

“सर, सरळ सरासरी का नाही काढत?” समोरच्या आसनावरून अश्लेषा तोरसकरनं विचारलं. ती त्यांची विद्यार्थिनी, आता स्वतः नावाजलेली सागरशास्त्रज्ञ. तरी इतक्या वर्षांत सरांच्या शेजारी बसायची तिची हिंमत झाली नव्हती.

“म्हणजे दोघंही धुसफुसणार! मधला मार्ग आळशी न्यायाधीशाचा. लवाद नाडी, थरथर, त्वचेचं तापमान बघतो आणि दोघांचा मिळून त्रास कशानं कमी होईल ते शोधतो. बोलणं तो मानतच नाही. आपण भिडस्त माणसं. पोटात कावळे ओरडत असले तरी ‘नको, आत्ताच जेवलो’ म्हणणार.”

एवढ्यात कुपीला हिसका बसला. तिला वर खेचणारा, वीज पुरवणारा दोर खडकात अडकून पिळला गेला होता आणि वीज जेमतेम येत होती. दुरुस्तीला काही तास लागतील, असं जहाजावरून कळलं. बाहेर बर्फासारखं पाणी. हवा शुद्ध ठेवून उरलेल्या विजेत ऊब देणारी एकच तापपट्टी चालणार होती. पट्ट्या तीन होत्या: दोघांच्या आसनांखाली एकेक आणि मधल्या जमिनीत, उपकरणांसाठी एक.

“सर, तुमची चालू राहू दे. मला नाही वाजत थंडी.”

“मला शिकवू नकोस. तुझी राहू दे.”

दोघांचेही दात वाजत होते. लवादानं ओगल्यांची पट्टी तापवली. अश्लेषाची निळी पडलेली बोटं पाहून त्यांची नाडी धावू लागली. मग तिची तापवली, तर सर कुडकुडताहेत म्हणून ती कासावीस. अखेर दोन्ही पट्ट्या थंड झाल्या आणि मधली रिकामी जमीन तापू लागली.

“गाढवानं सरासरीच काढली!” ओगल्यांनी कपाळावर हात मारला आणि लवाद बंद करायची कळ धरली.

“सर, थांबा! तो त्रास मोजतो, जागा नाही. ती पट्टी रिकाम्या जमिनीसाठी नाही तापवलेली.” ती अडखळली. “आपण दोघांनी तिथं बसायचंय. खेटून.”

ओगल्यांनी कळ सोडली. तंटा उबेचा नव्हताच. दोघं भिडेपोटी आपापल्या जागी गोठत होते, आणि हे एवढ्याशा डबीला कळलं होतं. त्यांचे डोळे भरून आले.

ते आधी खाली उतरले. “ये गं. इथं कसली आलीय भीड?”

पाठीला पाठ लावून दोघं एका घोंगडीत बसले. थरथर हळूहळू थांबली.

दोर सुटला, भरपूर वीज आली. आता दोन्ही आसनं तापवता आली असती. ओगल्यांनी वर पाहिलं. लवादानं दोघांच्या नाड्या तपासल्या आणि मधलीच पट्टी चालू ठेवली.